पाळणाघराचे तास आणि मजुरीचे तास

ऊसतोडीच्या हंगामात फडाच्या बांधावर बाभळीच्या फांदीला बांधलेली लुगड्याची झोळी आणि तिला झोका देणारी सात-आठ वर्षांची मुलगी हे दृश्य महाराष्ट्राच्या साखरपट्ट्यात नवीन नाही. नवरा-बायकोच्या जोडीला तेथे मिळून एकच 'कोयता' मानले जाते. मजुरी टनावर ठरते आणि मुकादमाकडून घेतलेली उचल त्या मजुरीतून फेडावयाची असते. त्यामुळे मुलाला पाजण्यासाठी आई जेवढा वेळ थांबेल, तेवढी फेड लांबते. झोळीजवळ बसलेली मुलगी मात्र कोणाच्याच हिशेबात येत नाही. शाळेच्या हजेरीपटावर ती गैरहजर असते. वस्तुतः त्या कुटुंबाचे पाळणाघर तीच चालवीत असते.

बालसंगोपनाचा खर्च गरीब घरात नसतो, असा एक समज आहे. पैशाच्या रूपाने तो दिसत नाही, एवढेच खरे. आईची बुडालेली मजुरी किंवा थोरल्या मुलीचे बुडालेले शिक्षण या रूपाने तो दिलाच जातो. शासन या खर्चात वाटा उचलते तो दोन मार्गांनी : कायद्याने मालकावर बंधन घालून आणि पाळणाघरांना अनुदान देऊन.

मालकावरील बंधन

१९४८ च्या कारखाना अधिनियमाने पन्नासाहून अधिक स्त्रिया कामावर असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर आवश्यक ठरविले. १९७६ च्या दुरुस्तीने ही संख्या तीसवर आणली. मळे आणि खाणी यांच्यासाठीही असे नियम झाले. तरतूद चांगली होती. परंतु तिच्या मोजणीतच एक उणीव राहून गेली. पाळणाघराचा खर्च स्त्रियांच्या संख्येशी जोडल्यामुळे, स्त्रियांना काम देणाऱ्या मालकालाच तो भार पडे. स्त्रियांचा पट तिसापुढे जाऊ दिला नाही की खर्च टळे !

२०१७ मध्ये प्रसूतिलाभ अधिनियमात दुरुस्ती झाली. सवेतन रजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक करण्यात आली. येथे मोजावयाचे ते सर्व कर्मचारी, केवळ स्त्रिया नव्हेत. मूल हे एकट्या आईचे नसते, हे तत्त्व या बदलातून कायद्यात आले. जरी दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याची मुभा आईलाच देण्यात आली, तरीही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ही तरतूद कायम ठेवून अनेक आस्थापनांना एकत्र येऊन सामाईक पाळणाघर चालविण्याची वाटही ठेवली आहे. औद्योगिक वसाहतींतील कारखान्यांना तिचा उपयोग होण्यासारखा आहे.

तथापि शेतमजूर स्त्री, घरकाम करणारी स्त्री, घरी विड्या वळणारी स्त्री यांना पन्नास कर्मचाऱ्यांचा मालक कोठून असणार ? त्यांच्यासाठी दुसरा मार्ग आहे.

अनुदानित पाळणाघर

१९७४ च्या राष्ट्रीय बालक धोरणानंतर स्वयंसेवी संस्थांना पाळणाघरांसाठी केंद्रीय साहाय्य मिळू लागले. १ जानेवारी २००६ पासून राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना सुरू झाली. एका पाळणाघरात पंचवीस मुले आणि कुटुंबाचे मासिक उत्पन्न बारा हजार रुपयांपर्यंत, अशी तिची मर्यादा होती. २०१७ मध्ये राज्यांना खर्चात वाटेकरी करून राष्ट्रीय पाळणाघर योजना आखण्यात आली. सहा महिने ते सहा वर्षे वयाची मुले, महिन्यातून २६ दिवस, दररोज साडेसात तास, असे तिचे प्रमाण होते. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाकडून महिना २० रुपये आणि इतरांकडून उत्पन्नानुसार १०० किंवा २०० रुपये घ्यावयाचे होते. म्हणजे मुलाला सांभाळण्याचा जवळजवळ सर्व खर्च शासनाने उचलला. सेविकेचे मासिक मानधन मात्र ३,००० रुपये आणि मदतनिसाचे १,५०० रुपयेच होते. पंचवीस तान्ह्या-रांगत्या मुलांचा दिवसभराचा सांभाळ एवढ्या मोबदल्यात करून घेणे, ही या योजनेची कमकुवत बाजू म्हणावी लागेल. २०२२ पासून 'मिशन शक्ती'खालील 'पाळणा' योजनेत ती समाविष्ट झाली आणि अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची कल्पना पुढे आली.

ही कल्पना महाराष्ट्राला परकी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून 'विकासवाडी' उभी केली. लहान भावंड पाळणाघरात सुरक्षित असल्यावर थोरल्या मुलीला शेजारच्या वर्गात बसता येई. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि 'अंगणवाडी' हा शब्द घरोघरी पोहोचला. परंतु अंगणवाडीचे पूर्वप्राथमिक शिक्षण तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आणि तेही दिवसातले काही तासच. तीन वर्षांखालील मूल तेथे येते ते वजनासाठी, लसीसाठी किंवा घरी न्यावयाच्या आहारासाठी. दुपारी अंगणवाडीला कुलूप लागते, तेव्हा आई अजून कापूस वेचीत असते.

गावाने काय मोजावे

२००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यात एक साधी तरतूद होती. कामाच्या ठिकाणी सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले आईबरोबर आली, तर मजुरांपैकी एका स्त्रीला त्यांचा सांभाळ सोपवावा आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यावी. येथेही अडचण मोजणीचीच. सांभाळाची सोय नाही हे ठाऊक असलेली आई मुलाला घरी थोरल्या बहिणीवर टाकून येते. कामावर पाच मुले भरत नाहीत. आणि मुले नाहीत म्हणून सोय होत नाही. हा फेरा तोडावयाचा तर कामावर आलेली मुले न मोजता घरी राहिलेली मुले मोजली पाहिजेत.

ते काम ग्रामपंचायतीच्या आवाक्यातले आहे. सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या मुलांची नावे अंगणवाडीच्या नोंदवहीत असतातच. त्यांच्यासमोर आई कोणत्या महिन्यांत, किती वाजता कामावर निघते आणि केव्हा परतते, एवढी भर घातली की पाळणाघराचे तास ठरविता येतात. कोकणात भातलावणीचे दिवस वेगळे, वऱ्हाडात वेचणीचे वेगळे. एकच वेळापत्रक सर्वांना लावून चालणार नाही. याच्या जोडीला शिक्षकाने वारंवार गैरहजर राहणाऱ्या मुलींच्या नावांपुढे घरी तीन वर्षांखालील भावंड आहे काय, एवढी एक नोंद केली, तर पाळणाघराची मागणी कोणत्या वस्तीसाठी करावयाची याची यादी ग्रामसभेपुढे तयार असते.