खेळांतून फ्रेंच : क्यूबेकमध्ये नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांसाठी मार्गदर्शन

क्यूबेक प्रांतात येणाऱ्या मराठी कुटुंबापुढे घर आणि नोकरी यांच्या जोडीने फ्रेंच भाषेचा प्रश्न पहिल्या दिवसापासून उभा राहतो. १९७७ साली संमत झालेल्या फ्रेंच भाषा सनदेनुसार, म्हणजे बोलण्यातल्या ‘कायदा १०१’नुसार, स्थलांतरितांच्या मुलांना सामान्यतः फ्रेंच माध्यमाच्याच सरकारी शाळेत जावे लागते. शिवाय २०२२ च्या ‘कायदा ९६’मुळे सरकारी कार्यालयांचा नवागतांशी होणारा व्यवहार, ठरावीक अपवाद वगळता, पहिल्या सहा महिन्यांनंतर फ्रेंचमध्येच चालतो. ‘फ्रांसिझास्यों क्यूबेक’ या सरकारी व्यवस्थेमार्फत २०२३ पासून भाषेचे वर्ग विनामूल्य मिळतात आणि प्रत्येक प्रौढाने तेथे नाव नोंदवणे ही पहिली पायरी होय. वर्ग सुरू होईपर्यंतच्या आणि वर्गाबाहेरच्या वेळात सरावाचे साधन म्हणून ऑनलाइन खेळ व शब्दकोडी उपयोगी पडतात. मात्र कोणता खेळ भाषेचे कोणते अंग घोटवून घेतो हे ओळखूनच त्यांची निवड केली पाहिजे, हे येथे स्थिरावलेल्या कुटुंबांच्या अनुभवाचे सार आहे.

कानाला वळण

मराठी माणूस जसे लिहिले तसे वाचण्याच्या सवयीत वाढलेला असतो, तर फ्रेंचमध्ये शब्दाच्या शेवटची अक्षरे पुष्कळदा उच्चारलीच जात नाहीत. ‘बोलणे’ या अर्थाच्या क्रियापदाची ‘मी’, ‘तू’ आणि ‘ते’ या कर्त्यांबरोबरची रूपे तीन निरनिराळ्या प्रकारे लिहिली जातात, पण तिन्हींचा उच्चार ‘पार्ल’ असाच होतो. म्हणून आरंभी केवळ वाचून सोडवायचे खेळ न घेता, ऐकून चित्र ओळखण्याचे किंवा ऐकलेले टंकण्याचे खेळ घ्यावेत. बहुतेक ॲपमध्ये फ्रान्समधील उच्चार ऐकू येतात, परंतु क्यूबेकच्या बोलीत ‘त’ आणि ‘द’ यांच्यापुढे ‘इ’ किंवा ओठांचा चंबू करून काढायचा ‘उ’ आला की त्यांचा दंततालव्य उच्चार होतो. मराठी भाषकाला हे ध्वनी नवे नाहीत, कारण ‘चमचा’मधला पहिला च आणि ‘जहाज’मधला ज यांच्या ते अगदी जवळचे आहेत. कॅनडाच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने २०२१ मध्ये आणलेल्या ‘मोरिल’ या विनामूल्य साधनात खऱ्या कार्यक्रमांतील दृश्ये पाहून प्रश्न सोडवायचे असल्याने स्थानिक बोली कानावरून जाते.

संख्यांचा सराव स्वतंत्रपणे करावा. सत्त्याण्णव ही संख्या फ्रेंचमध्ये ‘चार वीस, दहा, सात’ अशी रचून सांगितली जाते. विसांनी मोजण्याची ही रीत, ‘चार विसा’ म्हणणाऱ्या जुन्या पिढीच्या सहवासात वाढलेल्यांना लवकर उमगते. तरी ऐकताक्षणी आकडा लिहिता येण्यासाठी लोटोसारखे, म्हणजे पुकारलेला आकडा तक्त्यावर खोडण्याचे, खेळ घरातल्या सर्वांनी मिळून खेळावेत.

शब्दकोड्यांचा उपयोग आणि मर्यादा

शब्दकोड्यांपैकी नवशिक्यांना ‘स्युतोम’ सोयीचे आहे. १९९० ते २०१९ या काळात चाललेल्या ‘मोत्युस’ या फ्रेंच दूरचित्रवाणी खेळावर ते बेतलेले असून त्यात रोज एक शब्द ओळखायचा असतो. शब्दाचे पहिले अक्षर दिलेले असते. योग्य जागी आलेले अक्षर लाल चौकोनात, तर शब्दात असूनही चुकीच्या जागी पडलेले अक्षर पिवळ्या वर्तुळात दिसते, त्यामुळे फ्रेंच लेखनात कोणती अक्षरे एकत्र येतात याची जाण वाढते. ‘सेमांतिक्स’ या कोड्यात अर्थाच्या जवळिकीवरून शब्द शोधायचा असल्याने बराच शब्दसंग्रह लागतो; ते पुढच्या टप्प्यासाठी राखून ठेवावे.

अशा कोड्यांत दोन गोष्टी हमखास गळतात. पहिली म्हणजे स्वरांवरची चिन्हे : मासेमारी किंवा पीच हे फळ या अर्थाचा ‘पेश’ आणि पाप या अर्थाचा ‘पेशे’ हे शब्द चौकटीत एकसारखेच दिसतात. दुसरी गोष्ट म्हणजे लिंग. मराठीत तीन लिंगे असल्याने विशेषण लिंगानुसार बदलते ही कल्पना मराठी भाषकाला परकी नसते, पण मराठी शब्दाचे लिंग फ्रेंच शब्दावर लादण्याची चूक सर्रास होते. मराठीतला चंद्र पुल्लिंगी, फ्रेंचमधला स्त्रीलिंगी, आणि मराठीत नपुंसकलिंगी असलेले पुस्तक तेथे पुल्लिंगी तर घर स्त्रीलिंगी असते. यावर जुन्या कुटुंबांचा उपाय असा की, सुटलेला प्रत्येक शब्द वहीत चिन्हांसह आणि ‘अं’ किंवा ‘यून’ या लिंगदर्शक उपपदासह लिहावा, पुल्लिंगी शब्दांना एक शाई आणि स्त्रीलिंगी शब्दांना दुसरी वापरावी, आणि त्या शब्दाचे एक वाक्य मोठ्याने म्हणावे.

शब्द येणे म्हणजे भाषा येणे नव्हे, याचा सर्वांत ठळक दाखला न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स यांचा आहे. फ्रेंच बोलता येत नसताना केवळ शब्दसूची पाठ करून त्यांनी २०१५ मध्ये फ्रेंच स्क्रॅबलची जागतिक स्पर्धा जिंकली. ॲपवर दिसणारी सलग दिवसांची मोजणीदेखील नियमितपणा सांगते, संभाषणाची तयारी सांगत नाही.

मुले आणि पालक

नवागत मुलांना शाळेत ‘क्लास दाक्यय’ म्हणजे भाषेची तयारी करून घेणारा स्वतंत्र वर्ग मिळतो आणि ती आईवडिलांच्या पुढे निघून जातात. मग दवाखान्यात किंवा शाळेच्या सभेत मुलाला दुभाषा करण्याकडे कल होतो. तो त्याच्यावर अन्याय आहे आणि पालकांचे शिकणेही त्यामुळे खुंटते. त्याऐवजी रोज ठरलेल्या वेळी मुलासोबत एकच खेळ खेळावा व उच्चाराची चूक त्याला दुरुस्त करू द्यावी. गृहपाठात मदत करणाऱ्या ‘आलोप्रोफ’ या क्यूबेकमधील विनामूल्य सेवेचा ‘माजिमो’ हा शुद्धलेखनाचा खेळ, शाळेतून येणाऱ्या श्रुतलेखनाच्या शब्दांसाठी सोयीचा आहे. फ्रेंच आवृत्ती अस्तित्वात असलेला व्हिडिओ गेम क्यूबेकमध्ये फ्रेंचमध्येही उपलब्ध ठेवण्याचे बंधन विक्रेत्यांवर असल्याने, मुले एरवी खेळतात त्याच खेळाची भाषा बदलून ठेवणे हा सर्वांत सोपा आरंभ होय.

खेळासाठी दिवसाकाठी अर्धा तास पुरेसा आहे. उरलेले काम दाराबाहेरचे, म्हणजे ‘देपानर’ या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, बसमध्ये आणि शेजाऱ्यांशी बोलण्याचे आहे. समोरचा माणूस इंग्रजीकडे वळला तरी नवागताने नम्रपणे फ्रेंचच धरून ठेवावी आणि त्या दिवशी कोड्यात भेटलेला निदान एक शब्द त्या बोलण्यात वापरावा.