पाचवा बार

मुळशीत विहीर खणायची म्हणजे वरची माती संपली की काळ्या पाषाणाशी गाठ. मग ट्रॅक्टरचा कॉम्प्रेसर येतो, खडकात भोकं पाडतात, जिलेटीनच्या कांड्या भरतात आणि बार उडवतात. घोटवड्याच्या बाजूला आमच्या विहिरीत त्या दुपारी पाच बार भरले होते. चार आवाज आले. ठेकेदाराच्या माणसाने शिट्टी वाजवली, आम्ही आडोशातून पुढे आलो आणि पाचवा उडाला.

मुठीएवढा दगड हेल्मेटवर आपटला. हेल्मेटला तडा गेला, डोकं वाचलं. रक्ताचा थेंब नाही म्हणून सगळ्यांच्या जिवात जीव आला. पण डाव्या कानात जी शिट्टी सुरू झाली ती आजही थांबलेली नाही. संध्याकाळी उलट्या झाल्या. विहिरीवरून घरी कसा आलो, ते काही केल्या आठवेना.

हेल्मेट दगड अडवतं, स्फोटाची लाट अडवत नाही. हवेचा दाब क्षणात वाढतो आणि पहिला तडाखा बसतो कानाच्या पडद्याला. साधारण ३५ किलोपास्कलला तो फाटू शकतो. मेंदूही कवटीच्या आत हादरतो. ती इजा सीटी स्कॅनमध्ये बहुधा दिसत नाही, म्हणून ‘स्कॅन चांगला आला’ एवढ्यावर निर्धास्त राहू नका.

घरी मायेपोटी लसूण घालून तेल कोमट केलं जातं. ते कानात मुळीच घालू नका. फाटलेल्या पडद्यातून तेल आत उतरतं आणि कान पिकतो. पाणीही जाऊ देऊ नका, नाक जोरात शिंकरू नका. पडद्याचं लहान भोक बहुतेकदा काही आठवड्यांत भरून येतं. आतल्या नसेचं तसं नसतं. मला एका दवाखान्यातून ‘आपोआप सुटेल’ म्हणून परत पाठवलं आणि औषधाचे मोलाचे दिवस गेले. ऐकू कमी येत असेल तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा, ऑडिओमेट्री करून घ्या.

पहिले २४ तास जखमीला एकटं ठेवू नका. वाढती डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, बरळणं, झटका, डोळ्याची एक बाहुली मोठी दिसणं, नाका-कानातून पाण्यासारखा स्राव: यातलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा. डॉक्टर सांगेपर्यंत मोटारसायकल नको, उंचावरचं काम नको. मेंदू सावरण्याआधी बसलेला दुसरा मार जिवावर बेतू शकतो. तडकलेलं हेल्मेटही पुन्हा डोक्यावर चढवू नका.

२ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्री पुण्याच्या चांदणी चौकातला पूल पाडला, तेव्हा सुमारे ६०० किलो स्फोटकं लावली होती. आधी भोवतालचा परिसर रिकामा केला, महामार्ग बंद ठेवला. आपल्या विहिरीवर मात्र मोजक्या कांड्या म्हणून पोरं काठावर मोबाईल धरून उभी असतात. मला याचीच सर्वांत जास्त भीती वाटते.

विहिरीचं काम काढणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे. ठेकेदाराशी बोली करतानाच परवानाधारक ब्लास्टर, प्रत्येकाला इअरप्लग, वर इअरमफ आणि गॉगल ठरवून घ्या. ५०० मीटरच्या आत माणूस नको, गुरंही नकोत. बार दोघांनी वेगवेगळे मोजावेत. एक जरी आवाज कमी भरला तर निदान तासभर कुणी जागचं हलू नये, आणि नंतरही आधी फक्त ब्लास्टरनेच जावं.