उत्तेजक औषधांचा दुरुपयोग व कायद्याचे नियंत्रण : एक अभ्यास

उत्तेजक द्रव्ये शरीरास बल देत नाहीत. ती केवळ श्रमाची जाणीव झाकतात. हा भेद विसरला गेला की औषधाचे व्यसन होते. या इतिहासाचा आरंभ एका वनस्पतीपासून झाला असल्याने वैद्यवर्गाने तो जाणून घेणे अगत्याचे आहे, असे आम्हांस वाटते.

उगम : १८८५ मध्ये जपानी रसायनशास्त्रज्ञ नागाई नागायोशी यांनी एफेड्रा वनस्पतीतून एफेड्रिन वेगळे केले व १८९३ मध्ये त्यापासून मेथॅम्फेटामिन तयार केले. याच प्रजातीतील हिमालयीन वनस्पती आपल्याकडे 'सोमलता' या नावाने ओळखली जाते. वैदिक सोमाशी तिचे ऐक्य मात्र विवाद्य आहे. १९२० नंतर श्वासरोगात एफेड्रिनचा वापर वाढला आणि त्यास पर्याय शोधताना अमेरिकेत ॲम्फेटामिन पुढे आले.

दुरुपयोग : १९३० च्या दशकात प्रतिश्यायासाठी हुंगण्याची 'बेन्झेड्रिन' नळी अमेरिकेत विक्रीस आली. लोक ती फोडून आतील औषधी कागद गिळू लागले. पुढे जागरण व वजन घटविणे यांसाठी गोळ्यांचा प्रसार झाला. जर्मनीत १९३८ पासून 'पर्विटिन' मिळू लागले व ते सैनिकांनाही दिले गेले. जपानमध्ये युद्धोत्तर काळात 'फिलोपॉन'चे व्यसन इतके पसरले की १९५४ या एका वर्षात सुमारे ५५,००० व्यक्तींना अटक झाली.

कायदा : जर्मनीने १९४१ मध्ये निर्बंध घातले, जपानने १९५१ मध्ये स्वतंत्र कायदा केला. अमेरिकेत १९७० चा नियंत्रित द्रव्य कायदा आला आणि १९७१ मध्ये ॲम्फेटामिन त्याच्या कठोर दुसऱ्या अनुसूचीत गेले. त्याच वर्षी व्हिएन्ना येथे आंतरराष्ट्रीय करार झाला. भारतात १९८५ च्या अंमली औषधी द्रव्ये व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमाखाली ॲम्फेटामिन व मिथाइलफेनिडेट येतात. एफेड्रिन हे मेथॅम्फेटामिनचा कच्चा माल असल्याने 'नियंत्रित पदार्थ' ठरले आहे. २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी सोलापूर येथील कारखान्यातून त्याचा मोठा साठा जप्त केला होता.

चिकित्सकीय विचार : चरकाचार्यांनी निद्रा व क्षुधा या दोहोंची गणना अधारणीय वेगांत केली आहे. उत्तेजके नेमके हेच दोन वेग रोखतात. म्हणून परीक्षार्थीचे जागरण व स्थूल रुग्णाची भूक मारणे या दोन वाटांनी त्यांचा दुरुपयोग सर्वत्र शिरला, यात नवल नाही. कायदा प्रत्येक वेळी हानी झाल्यानंतर आला. वेगधारणाचा निषेध आपल्या शास्त्रात आधीपासून आहे.

'वनस्पतिज' म्हणजे निर्दोष, ही समजूतही सोडावयास हवी. एफेड्रायुक्त आहारपूरकांमुळे हृद्रोग, पक्षाघात व मृत्यू यांच्या नोंदी झाल्यावर अमेरिकेने २००४ मध्ये त्यांच्या विक्रीवर बंदी घातली. अनिद्रा, हृद्द्रव, कार्श्य किंवा अकारण चिडचिड घेऊन येणाऱ्या रुग्णास, विशेषतः तरुणास, आधी काय घेतो हे आपुलकीने विचारावे. मानसरोगतज्ज्ञांनी विधिवत दिलेले औषध मात्र आपण परस्पर बंद करू नये. आवश्यक वाटल्यास त्यांच्याशी संपर्क साधावा.