जुन्या स्पोर्ट्‌स कारमधला आवाज आणि ताप : कुठे खर्च करायचा, कुठे नाही

तुमच्याकडे १९६०-७०च्या दशकातली दोन सीटची ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार आहे, किंवा घ्यायचा विचार आहे. अर्धा-पाऊण तास चालवली की पाय भाजतात आणि शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. गॅरेजवाला म्हणतो, ‘पूर्ण गाडीला डॅम्पिंग करून टाकू’, आणि आकडा साठ हजारांच्या पुढे जातो. होकार देण्याआधी हे वाचा. फ्लोअर शाबूत असेल, तर काम पंचवीस हजारांच्या आसपास बसवता येतं. पण चुकीचा थर लावला, तर खर्च तिथे थांबत नाही. त्या थराखाली पाणी साचतं, पत्रा गंजतो आणि पुढचं बिल वेल्डिंगचं येतं.

उदाहरणासाठी एमजीबी घेऊ. ही गाडी १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनली. इंजिन १७९८ सीसी, वेगळी चासी नाही. सगळा भार बॉडीचा पत्राच पेलतो. म्हणून तिच्या फ्लोअरला आणि दारांखालच्या सिलना जपणं हे आवाज कमी करण्यापेक्षा महत्त्वाचं. एमजी मिजेट किंवा ट्रायम्फ स्पिटफायर असेल, तरी कामाचा क्रम हाच ठेवा.

आधी फटी बुजवा

एकही शीट विकत घेण्याआधी गाडी अंधारात उभी करा. कार्पेट काढा. एकाने आत बसून वर चादर ओढून घ्यायची, दुसऱ्याने बॉनेट उघडून फायरवॉलवर आणि गाडीखालून फ्लोअरवर टॉर्च फिरवायचा. आत जिथे उजेड दिसेल तिथून आवाज, गरम हवा आणि इंजिनचा धूर आत येतो. वायरिंगचे फाटलेले ग्रोमेट, फ्लोअरमधली हरवलेली रबरी बुचं, स्टिअरिंग कॉलमभोवतीची फट, गिअर लिव्हरचा चिरलेला रबरी बूट ही नेहमीची ठिकाणं. सगळं मिळून खर्च दीड-दोन हजार. उरलेल्या थरांचा उपयोग या कामानंतरच होतो.

मग एक्झॉस्ट तपासा. मॅनिफोल्डचं गास्केट फुंकतंय का, पाइप किंवा सायलेन्सर बॉडीला टेकतोय का, लटकवायचे रबर जागेवर आहेत का, इंजिन-गिअरबॉक्सची माउंटिंग बसली आहेत का. टेकणाऱ्या पाइपची घरघर कोणतंही शीट थांबवत नाही. आत धुराचा वास येत असेल किंवा चालवताना डोकं जड होत असेल, तर बाकी सगळं काम थांबवा आणि गळती आधी दुरुस्त करून घ्या. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो.

तिसरी तपासणी हीटरची. एमजीबीत हीटरकडे जाणारं गरम पाणी बंद करणारा व्हॉल्व्ह सिलिंडर हेडच्या मागच्या बाजूला असतो. तो अडकून उघडा राहिला, तर मे महिन्यातही हीटर तापलेला राहतो. इंजिन गरम झाल्यावर, हीटर बंद ठेवून, व्हॉल्व्हपासून हीटरकडे जाणाऱ्या पाइपला सांभाळून हात लावून बघा. गरम लागला तर आधी व्हॉल्व्ह बदला. कितीतरी गाड्यांमधली पाय भाजण्याची निम्मी तक्रार इथेच मिटते.

कोणता थर कुठे

बाजारात चार प्रकारचा माल मिळतो. चारही प्रकारांची कामं वेगळी आहेत. एकाने दुसऱ्याचं काम होत नाही.

पहिला, ब्युटाइल रबरची डॅम्पिंग शीट. जाडी साधारण २ मिमी, वर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा. ही पत्र्याची थरथर मारते; उष्णता फारशी अडवत नाही. पत्र्यावर बोटाने टकटक करा. डब्यासारखा आवाज आला तिथे शीट हवी, ‘ठक्क’ असा बसका आवाज आला तिथे नको. सपाट भागाच्या मधोमध निम्मा पत्रा झाकला तरी बहुतेक फायदा मिळतो. फ्लोअर, टनेलच्या (दोन सीटांमधल्या उंचवट्याच्या) दोन्ही बाजू, सीटमागचा शेल्फ आणि दारांची बाहेरची कातडी एवढी ठिकाणं पुरे.

दुसरा, क्लोज्ड-सेल फोम. याच्या पेशी बंद असतात, त्यामुळे तो पाणी पीत नाही. उष्णता अडवायचं मुख्य काम याचं. कारसाठीचा फोम महाग वाटला, तर एसी डक्टला लावतात ते नायट्राइल रबर घ्या. ते ९, १३, १९ मिमी अशा जाडीत मिळतं. फ्लोअरला ९ मिमी पुरे. जाड घेतलं तर कार्पेट बसत नाही, सीट वर उचलली जाते आणि पेडलची चाल अडते.

तिसरा, चकचकीत उष्णता-परावर्तक पत्रा किंवा शीट. हा तेव्हाच काम करतो, जेव्हा त्याच्या चकचकीत बाजूसमोर मोकळी हवा असते. कार्पेट आणि फोमच्या मध्ये दाबून बसवला, तर पैसे वाया. त्याची जागा इंजिनच्या बाजूला, फायरवॉलवर, किंवा एक्झॉस्ट आणि फ्लोअर यांच्यामध्ये, एक-दोन सेंटिमीटर अंतर ठेवून. एमजीबीत इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्ही इंजिनच्या डाव्या अंगाला आहेत. म्हणजे आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत सगळ्यात जास्त ताप शेजारी बसणाऱ्याच्या पायाशी असतो. पैसे मोजके असतील, तर पहिला पत्रा तिथेच.

चौथा, वजनदार विनाइलची चादर. हवेतून येणारा आवाज अडवायला ही चांगली, पण ती सलग पसरावी लागते आणि फोमवर सुटी ठेवावी लागते. वजन चौरस फुटाला जवळजवळ अर्धा किलो. कापडी टपाच्या गाडीत वाऱ्याचा आवाज वरूनच येतो, त्यामुळे खालची चादर फारसं काही साधत नाही. उघड्या एमजीबीला हा खर्च टाळा. पक्क्या छताची जीटी असेल, तर टनेलवर आणि मागच्या सामानाच्या भागात तिचा विचार करा. जीटीच्या छताच्या पत्र्याला आतून डॅम्पिंग आणि पातळ फोम मात्र जरूर लावा. तिथे ऊन थेट डोक्यावर येतं. पण छताचं अस्तर उतरवून पुन्हा बसवायची मजुरी वेगळी पडते. ती आधी विचारा.

हे घेऊ नका

छतगळतीसाठी मिळणारी डांबरी टेप किंवा स्वस्तातली डांबरी शीट घेऊ नका. उन्हात ती मऊ होते, वास सोडते, उभ्या पत्र्यावरून घसरते. ‘ब्युटाइल आहे’ असं दुकानदार म्हणाला, तर तुकडा उन्हात तापलेल्या पत्र्यावर तासभर ठेवून बघा. डांबराचा वास लगेच कळतो.

ज्यूटचा नमदा आणि उघड्या पेशींचा मऊ स्पंज फ्लोअरवर घालू नका. कापडी टप कधी ना कधी गळतो, आणि मुंबई-कोकणात हवाच दमट. भिजलेला नमदा आठवडेच्या आठवडे ओला राहतो आणि पत्रा खातो. मूळ रूप हवं म्हणून नमदा घालायचाच असेल, तर तो चिकटवू नका. उचलून वाळवता आला पाहिजे.

मॅनिफोल्डला गुंडाळायची पट्टी हा स्वस्त वाटणारा शॉर्टकट आहे. ती उष्णता धातूतच कोंडते आणि ओल धरते. साध्या लोखंडी पाइपला गंज चढतो, बिडाच्या मॅनिफोल्डला तडा जाऊ शकतो. त्याऐवजी कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्डमधली मूळ हीट शील्ड जागेवर आहे ना, ते बघा. ती नसेल तर आधी बसवा. जुन्या शील्डवरच्या, गास्केटमधल्या आणि उष्णतारोधक पट्ट्यांमधल्या पांढुरक्या धाग्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. कोरडं खरवडू नका, ग्राइंडर लावू नका, कॉम्प्रेसरने फुंकू नका.

खर्चाचा हिशेब

जुनी वर्तमानपत्रं फ्लोअरवर पसरा, आकार कापा, मोजा. दोन सीटच्या गाडीला फ्लोअर, टनेल, फायरवॉल आणि मागचा शेल्फ मिळून ४० चौरस फूट धरा. कापाकापीसाठी दहा टक्के जास्त.

अंदाजपत्रक मांडायला हे आकडे घ्या आणि दोन दुकानांत पडताळून बघा. भारतीय बनावटीची ब्युटाइल शीट चौरस फुटाला १५० रुपये. निम्मा पत्रा झाकायला २२ चौरस फूट, म्हणजे ३,३०० रुपये. नायट्राइल फोम ६० रुपयांनी ४४ चौरस फूट, २,६४० रुपये. परावर्तक शीट २०० रुपयांनी १२ चौरस फूट, २,४०० रुपये. ग्रोमेट, बुचं, फॉइल टेप, रोलर, थिनर, गंजरोधक प्रायमर मिळून २,५०० रुपये. माल झाला १०,८४० रुपयांचा. मजुरी १२,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १४,१६० रुपये. एकूण २५,००० रुपये. स्वतः केलंत तर अकरा हजारांत होतं. हे काम घरी करता येण्यासारखं आहे.

आता साठ हजारांचं कोटेशन उघडून बघा. त्यात बहुतेकदा परदेशी ब्रँडची शीट दोन थरांत, डिकी आणि बॉनेटसकट धरलेली असते. ८० चौरस फूट ब्युटाइल म्हणजे गाडीत २४ किलो वजन जास्त. निम्म्याहून अधिक शीट जिथे पत्रा वाजतच नाही तिथे चिकटते.

मुंबईत नायट्राइल रबर, गास्केट आणि ग्रोमेटसाठी नागदेवी स्ट्रीट, गाडीच्या सामानासाठी ऑपेरा हाउस आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड. पुण्यात नाना पेठ. भाव चौरस फुटाचा विचारा, शीटचा नाही. शीटचे आकार वेगळे असतात आणि फसगत तिथेच होते. जाडी फोम-फॉइलसकट सांगतात की नुसत्या ब्युटाइलची, तेही विचारा. परदेशातून मागवत असाल, तर छापील किमतीवर वाहतूक, सीमाशुल्क, जीएसटी आणि कुरिअरचं हाताळणी शुल्क चढतं. जड मालाला वाहतूकच सगळ्यात महाग पडते.

छुपे खर्च

सीटचे गंजलेले बोल्ट तुटतात. नवे बोल्ट आणि आटे पाडायची मजुरी वेगळी. जुनं कार्पेट उचलताना फाटतं, आणि नव्या कार्पेट सेटचा खर्च सगळ्या थरांच्या खर्चाला सहज मागे टाकतो. जुनी डांबरी शीट खरवडण्यात एक पूर्ण दिवस जातो, आणि तो दिवस कोटेशनमध्ये नसतो. सगळ्यात मोठा खर्च गंजाचा. शीटखाली सडलेला पत्रा निघाला, तर काम थांबवून आधी टिंकरिंगचं वेगळं लेखी कोटेशन घ्या. गंजावर शीट चिकटवून ‘दिसणार नाही’ म्हणणाऱ्या गॅरेजमधून गाडी परत आणा.

काही जागा झाकायच्याच नाहीत. फ्लोअरची पाणी जाणारी भोकं, दारांच्या तळाच्या चिरा, चासी नंबरची पट्टी, ब्रेकचे आणि पेट्रोलचे पाइप. एमजीबीची बॅटरी सीटमागच्या झाकणाखाली असते. ते झाकण उघडलं पाहिजे. १९६७पर्यंतच्या गाड्यांत गिअरबॉक्सची डिपस्टिक टनेलवरच्या रबरी बुचाखाली असते. तिथे फोमला कापून झडप ठेवा.

गॅरेजला गाडी देण्याआधी

कोटेशन लेखी घ्या. त्यात मालाचा ब्रँड, जाडी, चौरस फूट, कुठल्या भागावर किती, कार्पेट-सीट काढण्या-बसवण्याची मजुरी आणि कर हे वेगवेगळे लिहिलेले हवेत. मालाच्या कागदावर आगीची चाचणी बघा. गाडीच्या आतल्या सामानासाठी भारतीय मानक आयएस १५०६१ आहे. कार्पेट काढल्यावरचे, प्रायमर मारल्यावरचे आणि थर लावल्यावरचे फोटो मागा. बिल जीएसटी नंबरसह घ्या. आगाऊ रक्कम मालाच्या किमतीपुरतीच द्या.

आरटीओचा प्रश्न येतो. कार्पेटखाली थर चिकटवल्याने चासी, बॉडी शेल किंवा इंजिन बदलत नाही. पण पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची विंटेज म्हणून नोंदणी करायची असेल, तर याच तीन गोष्टींत बदल झालेला चालत नाही. म्हणून हीट शील्डसाठी टनेल कापू देऊ नका. जुन्या भोकांतच बोल्ट घाला.

वेळ धरा तीन दिवस. एक काढण्याचा आणि साफसफाईचा, एक प्रायमर वाळण्याचा, एक चिकटवण्याचा आणि जोडण्याचा. टिंकरिंग निघालं तर दोन आठवडे. जून ते सप्टेंबर हे काम काढू नका. पत्र्यावरची ओल शीटखाली कायमची कोंडली जाते. ऑक्टोबरच्या उन्हात कार्पेट काढून गाडी दोन दिवस उघडी ठेवा, मग सुरुवात करा.

गाडी परत मिळाली की टप उघडा ठेवून नाही, बंद करून चालवा. कामाआधी चालवली होती तोच रस्ता, तोच वेग. सीट पूर्ण मागे-पुढे सरकते का, क्लच तळापर्यंत जातो का, दारं आधीसारखी लागतात का, तपासा. मगच उरलेले पैसे द्या. लिहिलेल्यापेक्षा हलका माल निघाला आणि गॅरेज दाद देत नसेल, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत दावा करता येतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. त्यासाठी लागतात त्या तीनच गोष्टी: लेखी कोटेशन, जीएसटी बिल आणि फोटो. पहिल्या पावसानंतर एकदा कार्पेटचा कोपरा उचलून बघा. ओल दिसली तर गळती शोधा आणि पत्रा वाळवूनच कार्पेट परत टाका.