ताप उतरला तरी लेकराकडे पाहा

पोळा उलटला की अमरावतीत लहान मुलांच्या दवाखान्यात पाय ठेवायला जागा नसते. माझ्या मुलाला डेंग्यू झाला तो याच दिवसांत. तेव्हा तो सहा वर्षांचा होता. ताप १०३ च्या खाली यायलाच तयार नव्हता. डॉक्टरांनी घरीच ठेवायला सांगितलं, पण एक गोष्ट बजावली: ताप उतरेल तेव्हा जास्त लक्ष ठेवा.

चौथ्या दिवशी सकाळी ताप उतरला आणि घरात सगळ्यांना हायसं वाटलं. सासूबाई मात्र त्याच्या उशाशीच बसून होत्या. "ताप गेला, मंग पोट्टं असं गुमसुम काऊन पडून रायलं वं?" म्हणत त्यांनी माझा हात त्याच्या तळव्यावर ठेवला. तळवा गार आणि ओलसर. पोट दुखतं म्हणून त्यानं गुडघे पोटाशी घेतले होते, उलट्या सुरू होत्या आणि रात्रीपासून लघवी नव्हती. आम्ही तसेच निघालो. दवाखान्यात लगेच सलाईन लागलं. नातेवाईक सारखे प्लेटलेट विचारत होते, डॉक्टरांचं लक्ष मात्र नाडी, बीपी आणि हिमॅटोक्रिटवर, म्हणजे रक्ताच्या घट्टपणावर होतं. डेंग्यूत साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप ओसरतो आणि त्याच सुमारास रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपू लागतं. रक्त घट्ट होतं, हातपाय गार पडतात. हे २४ ते ४८ तास सांभाळले की बहुतेक मुलं सावरतात. आमचाही सावरला.

म्हणून मी प्रत्येक आईला सांगते, आकड्याइतकंच लेकराकडे पाहा. १०२ ताप असूनही पाणी पिणारं, खेळणं मागणारं मूल घरी सांभाळता येतं. ताप नसूनही मलूल पडलेलं मूल घरी ठेवू नका.

औषधाचं म्हणाल तर पॅरासिटामॉल वजनावर द्यायचं, वयावर नाही. दर किलोला १५ मिलिग्रॅम, म्हणजे १२ किलोच्या मुलाला एका वेळी १८०. दोन डोसांत चार ते सहा तासांचं अंतर हवं आणि दिवसात चारपेक्षा जास्त डोस नकोत. बाटलीवरचं लेबल उजेडात वाचा. सिरपच्या ५ मिलीत १२० किंवा १२५ मिलिग्रॅम असतं, काहींत २५०. ड्रॉप्सच्या मात्र एकाच मिलीत १००. ड्रॉप्स चमचाभर पाजले तर चौपट औषध पोटात जातं आणि लिव्हरवर बेततं. डेंग्यूची शंका असेल तर आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन नकोच. निमेसुलाइड १२ वर्षांखालच्या मुलांना द्यायला आपल्याकडे २०११ पासून बंदी आहे. मेडिकलमधून खोकल्याचं औषध मनानं आणू नका. २०२५ मध्ये आपल्या शेजारच्या छिंदवाड्यात साध्या ताप-खोकल्याची लेकरं विषारी सिरपनं किडन्या निकामी होऊन गेली.

तापात झटका आला तर कांदा हुंगवू नका, दातांत चमचा घालू नका. मुलाला कुशीवर वळवा आणि घड्याळ पाहा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत असे झटके बहुधा पाच मिनिटांच्या आत थांबतात. थांबला तरी डॉक्टरांना दाखवायचंच. थांबला नाही तर १०८ ला फोन करा.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ ताप आला तर सकाळची वाट पाहू नका. श्वास लागणं, मान ताठ होणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, पाणीही न पिणं, सहा-आठ तास लघवी नसणं, उठवूनही नीट न उठणं, यातलं एकही दिसलं तरी निघायचं. आणि शेतातून, गवतातून आलेल्या मुलाचा ताप हटत नसेल तर काख, जांघ, कानामागे काळी खपली आहे का पाहा. ती स्क्रब टायफसची खूण असू शकते. हा आजार विदर्भात आहे आणि त्याचं औषधही आहे, फक्त वेळेत सुरू व्हायला हवं.

आपल्याकडचे कूलर उन्हाळा संपला तरी खिडकीत तसेच राहतात, टाकीत पावसाचं पाणी साचतं आणि डेंग्यूचा डास तिथेच अंडी घालतो. टाकी आठवड्याला रिकामी करून कडा घासून घ्या, कारण अंडी कडेलाच चिकटतात.

दवाखान्यात जाताना एका कागदावर ताप कधीपासून, कोणतं औषध किती वाजता दिलं, शेवटची लघवी कधी झाली आणि मुलाचं वजन लिहून न्या. डॉक्टर आधी हेच विचारतात.