भगवान बुद्धांचा उपदेश : माळकऱ्यांनी काय जाणावे



एका गावी हरिनाम सप्ताहात आमची कीर्तनसेवा होती. चिंतन दशावतारांचे चालले होते. मत्स्य, कूर्म, वराह असे करीत नवव्या अवताराशी आलो. बुद्धांचे नाव घेतले, टाळकऱ्यांनी गजर केला आणि आम्ही लगेच कल्कीकडे वळलो. आरती झाली, बुक्का लागला, मंडळी पंगतीला गेली. पारावर एक वृद्ध गृहस्थ मात्र थांबले होते. शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी, धर्माने बौद्ध. नमस्कार करून म्हणाले, "महाराज, कीर्तन गोड झालं. पण राग मानू नका, एक विचारतो. तुम्ही आमच्या बुद्धांचं नाव घेतलंत. त्यांनी सांगितलं काय, ते मात्र एक वाक्यसुद्धा सांगितलं नाहीत."

आम्ही गप्प बसलो. कारण आम्हाला ते येत नव्हते.

आमचे शिक्षण पाठशाळेतले. व्याकरण झाले, न्याय झाला, मग शारीरभाष्य. त्या भाष्याच्या दुसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात बौद्ध मतांचे खंडन आहे. क्षणिकवाद कसा खोडावा, विज्ञानवाद्याला कोठे अडवावे, हे सारे आम्हाला तोंडपाठ. परंतु ज्याला खोडायचे तो स्वतः काय म्हणतो, ते त्याच्या तोंडून कधी ऐकलेच नव्हते. फिर्यादीचे ऐकून घ्यावे, प्रतिवादीला बोलावूच नये आणि निकाल द्यावा, तसा हा प्रकार.

पुढे धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) यांचे 'भगवान बुद्ध' मिळवून वाचले. हे गोव्याचे विद्वान काशीस संस्कृत शिकले आणि सिंहलद्वीपी जाऊन पाली शिकले. त्या गुरुजींच्या घरीही दोन-चार वेळा जाऊन बसलो. जे पदरात पडले, ते आपल्यापुढे ठेवतो.

पहिला उपदेश

बुद्धांचा जन्म लुंबिनीचा. ते स्थान आज नेपाळात आहे. गयेजवळ पिंपळाखाली त्यांना बोध झाला आणि काशीजवळ सारनाथला त्यांनी पाच तपस्व्यांना पहिला उपदेश केला. परंपरेने तो दिवस आषाढी पौर्णिमेचा. आपण ज्या दिवशी गोपाळपुरी काला घेतो, तोच हा दिवस, हे आम्हालाही इतकी वर्षे ठाऊक नव्हते.

या उपदेशाची रचना वैद्यासारखी आहे. वैद्य आधी रोग ओळखतो, मग त्याचे कारण शोधतो, रोग बरा होईल की नाही ते सांगतो आणि शेवटी औषध देतो. तशी ही चार आर्यसत्ये : दुःख आहे, त्याला कारण तृष्णा आहे, तृष्णा गेली की दुःख जाते, आणि ती घालविण्याचा मार्ग आहे. 

दुःख म्हणजे काय, ते किसा गौतमीच्या कथेवरून समजेल. श्रावस्तीची ही बाई. एकुलते पोर गेले, ते कडेवर घेऊन औषध मागत दारोदार फिरू लागली. कोणीतरी तिला बुद्धांकडे पाठविले. बुद्ध म्हणाले, मूठभर मोहरी आण, पण जिथे कधी कोणी मेले नाही अशाच घरची आण. मोहरी घरोघर होती. तसे घर एकही नव्हते. संध्याकाळी ती परतली तेव्हा पोराला स्मशानात ठेवून आली होती. बुद्धांनी चमत्कार केला नाही आणि कोरडे व्याख्यानही दिले नाही. तिलाच चालायला लावले.

वीणेची तार

औषध म्हणून सांगितला तो अष्टांगिक मार्ग. सम्यक् दृष्टी, संकल्प, वाचा, कर्मान्त, आजीविका, व्यायाम, स्मृती आणि समाधी. यात आजीविका हे अंग ध्यानात ठेवण्याजोगे. शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये, असे बुद्धांनी स्पष्ट सांगितले. नुसता जप पुरत नाही. पोट कशावर भरतोस, हेही ते विचारतात.

या मार्गाला मध्यम मार्ग म्हणतात. सोण नावाचा श्रीमंताघरचा नाजूक मुलगा भिक्षू झाला. चालत-चालत ध्यान करताना त्याचे तळपाय फुटून रक्त आले, तरी मन शांत होईना. घरी परत जावे असे त्याला वाटू लागले. बुद्धांनी विचारले, तू घरी वीणा वाजवीत होतास ना? तार फार ताणली तर बरी वाजते का? सैल सोडली तर? सोण म्हणाला, दोन्ही वेळा नाही. मग साधनेचेही तसेच, असे बुद्धांनी सांगितले. ज्याने उपास करकरून स्वतःची हाडे मोजण्याजोगी केली होती, त्याचे हे बोलणे. आमच्या वीणेकऱ्यांना याचा अर्थ फोड करून सांगायला नको.

मिळते ते आणि मिळत नाही ते

उपासकाची पाच शिले अशी : जीवहिंसा नको, चोरी नको, व्यभिचार नको, खोटे नको, नशा नको. माळ घालताना आपण जे बोल देतो, त्यांच्याशी ती किती जुळतात! मांसाचा नियम मात्र आपल्याइतका कडक नाही. आपल्यासाठी मारलेले नाही, असे असेल तर भिक्षेत आलेले भिक्षूला चालत असे.

चातुर्मासाचेही तसेच. पावसात कोवळे गवत आणि बारीक जीव पायाखाली येतात, अशी लोकांनी तक्रार केली म्हणून भिक्षूंनी तीन महिने एका जागी राहावे असा नियम झाला. तो वर्षावास. आपला चातुर्मास आषाढी ते कार्तिकी.

आता फाटा कोठे फुटतो, ते पाहू. मिलिंद राजाला नागसेन भिक्षूने रथाचे उदाहरण दिले. चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे? जू म्हणजे? नाही. सारे जुळले की त्याला रथ हे नाव मिळते. तसाच 'मी', त्यात निराळा, नित्य असा आत्मा बौद्ध मानीत नाहीत. मग कर्माचे फळ कोणाला? एका दिव्यावरून दुसरा लावला तर ज्योत तीही नव्हे आणि अगदी वेगळीही नव्हे, हे त्यांचे उत्तर. 'मी'पणा गळावा, इथपर्यंत आपली दोघांची वाट एक. पुढे आपण आत्मा आणि पांडुरंग म्हणतो, ते म्हणत नाहीत. आपण भार विठोबावर टाकतो; बुद्धांनी अखेरच्या दिवसांत आनंदाला सांगितले की आपणच आपला आधार व्हा. सगळे धर्म एकच, असे म्हणून हा भेद पुसणे सोपे आहे. पण तो दोघांचाही अनादर आहे.

आणि तरी बौद्ध म्हणजे सगळे एकाच साच्याचे, असेही नाही. जपानात होनेन (११३३–१२१२) यांनी ११७५ साली सांगितले की या काळात सामान्य माणसाला अमिताभ बुद्धांच्या नामाचा उच्चार हाच तरणोपाय. त्यांचे शिष्य शिनरान यांनी तेच पुढे नेले. माउलींच्या आधी साधारण शंभर वर्षे, समुद्रापलीकडे, नांगरधाऱ्याला आणि कोळ्याला नाम मिळाले!

शंका व समाधान

आता कोणी म्हणेल, 'महाराज, बुद्ध आपलाच अवतार. मग हे वेगळेपण कशाला?' 

ऐका. भागवतात अवतारांच्या यादीत बुद्ध आहेत, पण देवांच्या शत्रूंना मोहात पाडण्यासाठी आले, असे तिथे म्हटले आहे. म्हणजे त्यांचा उपदेश फसविण्यासाठी होता, असा अर्थ निघतो. जयदेवांनी गीतगोविंदात पशुहत्या पाहून कळवळलेले बुद्ध गायिले. आपल्या संतवाङ्मयात विठ्ठलालाच बौद्धरूप म्हटले. म्हणजे आपल्या घरातही एकमत नाही. आपल्या विठोबाविषयी कोणी म्हटले की तो लोकांना फसवायला उभा आहे, तर आपण कान झाकून उठू. बौद्धांनी का ऐकावे?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा घेतली व दिली. त्या बावीस प्रतिज्ञांत, बुद्ध हा विष्णूचा अवतार मानणार नाही, अशी एक आहे. ती आम्हाला फार वर्षे सलत होती. गुरुजींच्या ओट्यावर बसल्यावर वेगळे दिसले. ते म्हणाले, "बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' काढलं तेव्हा त्याच्या माथ्यावर तुकोबांचा अभंग होता. आम्ही तुमच्या दारात होतोच, महाराज. दार उघडलं नाही."

यावर काय बोलावे? शाक्य राजपुत्र दीक्षेला आले तेव्हा आपला अभिमान उतरावा म्हणून त्यांनी आपल्या न्हाव्याला, उपालीला, आधी दीक्षा देवविली आणि त्याला वंदन केले. पुढे राजगृहाच्या सभेत विनयाचे नियम सांगण्याचा मान त्याच उपालीचा. आपल्याकडे सेना महाराज आहेत, चोखोबा आहेत. वाळवंटात आपण एकमेकांच्या पाया पडतो. पण चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर पायरीशी, आणि त्यांच्या समाजाला पांडुरंगाचे दार उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. वाळवंटातली समता देवळाची पायरी चढायला शतके लागली. ही आपली चूक आहे, आणि ती आपणच म्हटली पाहिजे.

तात्पर्य

परधर्म जाणायचा तर त्याच्या अनुयायाच्या तोंडून जाणावा. मग तो बौद्ध असो, जैन असो, मुसलमान असो की ख्रिस्ती. खंडनाच्या पोथीतून तो कळत नाही, आणि 'तो आमच्यातच आला' म्हटल्यानेही कळत नाही. असे जाणल्याने आपली निष्ठा पातळ होत नाही. आम्ही माळ तीच घालतो, वारी तीच करतो.

एवढेच बदलले की दशावतारांच्या कीर्तनात नववे नाव आले की आम्ही थांबतो. आपले पुराण असे म्हणते, बौद्ध बांधव ते मानीत नाहीत, आणि स्वतः बुद्धांनी शिकविले ते हे, असे सांगून मोहरीची कथा लावतो. ती ऐकताना मागे बायकांत शांतता पसरते. मेलेले पोर सर्वांच्या ओळखीचे असते.

यंदा आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरी काला मुखात पडेल तेव्हा सारनाथच्या त्या पाच श्रोत्यांची आठवण ठेवावी. गावी परतल्यावर आपल्या शेजारच्या बौद्ध वस्तीत त्याच दिवशी वंदना चालू असते. बोलावले तर जाऊन बसावे, आणि ऐकावे.

रामकृष्ण हरि.