फवारणीची औषधे आणि कर्करोग : पेशींवरील परीक्षणाचा अर्थ

राळेगाव तालुका हा कपाशीचा मुलूख होय. खरिपात येथील शिवारात फवारणीचे पंप सतत फिरत असतात. सन २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो लोकांस रुग्णालयात दाखल करावे लागले. हे विष तत्काळ बाधणारे होते. परंतु काही रसायनांचा परिणाम अनेक वर्षांनी दिसतो. कर्करोग हा त्यांपैकीच एक होय. हे दोन धोके भिन्न असून त्यांची परीक्षाही भिन्न आहे.

त्रिकोण काय सांगतो?

औषधाच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण छापलेला असतो. किती मात्रेने प्रयोगातील निम्मे प्राणी दगावतात, यावरून हा रंग ठरतो. लाल सर्वांत जहाल, हिरवा सर्वांत सौम्य. मात्र कर्करोगाविषयी हा त्रिकोण काहीच सांगत नाही. मॅलेथिऑनचेच उदाहरण घ्यावे. तत्काळ विषारीपणात ते पुष्कळ सौम्य गणले जाते. तथापि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सन २०१५ मध्ये त्याची गणना ‘मानवात बहुधा कर्करोगकारक’ या वर्गात केली.

जिवाणूंवरील परीक्षण

कर्करोगाचा उगम बहुधा पेशीतील जनुकांच्या बिघाडात असतो. रसायन असा बिघाड करते काय, हे पाहण्याची एक सोपी रीत अमेरिकेतील शास्त्रज्ञ ब्रूस एम्स यांनी १९७० नंतरच्या दशकात रूढ केली. तीत हिस्टिडीन हे पोषकद्रव्य स्वतः तयार करू न शकणारे जिवाणू घेतात. हे द्रव्य जवळजवळ नसलेल्या थाळीत ते वाढत नाहीत. रसायनामुळे त्यांच्या जनुकांत बदल झाला, तर काही जिवाणूंना ही शक्ती परत मिळते व दोन-तीन दिवसांत थाळीवर ठिपके उमटतात. रसायन न घातलेल्या थाळीशी तुलना करून ठिपके मोजतात. काही द्रव्ये यकृतात गेल्यावरच घातक बनतात. म्हणून उंदराच्या यकृताचा अर्क मिसळून हीच परीक्षा पुन्हा घेतली जाते.

प्राण्यांच्या व मानवाच्या पेशी

यानंतर काचपात्रात वाढविलेल्या पेशींवर रसायन घालतात. गुणसूत्र तुटल्यास पेशीविभाजनानंतर त्याचा तुकडा मुख्य केंद्रकाबाहेर राहून लहानसे केंद्रक बनते. सूक्ष्मदर्शकाखाली अशा पेशी मोजल्या जातात. संशोधनास लागणाऱ्या पेशी जतन करून पुरविण्याचे कार्य पुण्यातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र करते.

निष्कर्षाची मर्यादा

सोयाबीन पेरण्यापूर्वी ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ठेवून उगवण तपासतात. सत्तर किंवा अधिक दाणे उगवले तर बियाणे पेरण्यास योग्य समजतात. पण त्यावरून उतारा किती येईल हे कळत नाही. पेशींवरील परीक्षणाचेही तसेच आहे. ठिपके वाढले म्हणजे माणसास कर्करोग होईलच असे नाही. तो सावधगिरीचा इशारा होय. उलट, जनुकांस इजा न करता अन्य मार्गाने कर्करोग घडविणारी द्रव्ये या परीक्षेतून निसटू शकतात. म्हणून पुढे उंदरांवर सुमारे दोन वर्षांचे प्रयोग करतात आणि औषध हाताळणाऱ्या माणसांच्या आरोग्याचाही अभ्यास करतात.

शेतकऱ्यांनी काय करावे?

निळा किंवा हिरवा त्रिकोण पाहून उघड्या हाताने औषध कालवू नये. हातमोजे, मुखपट्टी व अंगभर कपडे वापरावेत. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये. काम संपताच साबणाने स्नान करावे. फवारणीचे कपडे घरातील इतर कपड्यांत मिसळू नयेत, अन्यथा ते धुणाऱ्या गृहिणीच्या अंगीही विष लागते. रिकाम्या डब्यात पाणी वा धान्य ठेवू नये. किडीने आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडल्याखेरीज फवारणी करू नये. सुरुवातीस ५ टक्के निंबोळी अर्क वापरावा. तत्काळ विषाची खूण डोळ्यांस दिसते, दीर्घकाळच्या विषाची दिसत नाही. म्हणून जी काळजी लाल त्रिकोणाच्या औषधासाठी घ्यावयाची, तीच प्रत्येक औषधासाठी घेणे हिताचे होय.